कॅनव्हासवर नाकतोडा, दाढीत निळा रंग

दोन डोंगर, मधोमध उगवता सूर्य, त्याच्या बुडातून निघालेली नदी, काठावर झोपडी, शेजारी नारळ आणि आभाळात चार-पाच पक्षी. आपल्या शाळांत निसर्गचित्र म्हणजे एवढंच. डोंगरात नारळ कुठून आला आणि नदी सूर्यातूनच का निघते, असले प्रश्न चित्रकलेच्या तासाला विचारायचे नसतात. पण या चित्रामुळे डोक्यात एक समज पक्का बसतो, की निसर्गचित्र काढणं हा मोठा निवांत उद्योग आहे. झाडाखाली बसायचं, वारा खायचा, मधूनच ब्रश फिरवायचा.

उघड्यावर बसून चित्रं काढणाऱ्यांच्या कहाण्या वाचल्या की हा समज साफ उडतो. त्यांत माश्या आहेत, भरतीच्या लाटा आहेत, पोलीस आहेत, लाकडाचे व्यापारी आहेत आणि एका कवीची सोललेली बोटंही आहेत. घ्या, एकेक ऐका.

नाकतोड्याचं पोस्टमॉर्टेम

अमेरिकेत कॅन्सस सिटीच्या नेल्सन-ॲटकिन्स संग्रहालयात व्हॅन गॉगचं ‘ऑलिव्ह ट्रीज’ हे १८८९ सालचं चित्र आहे. २०१७ मध्ये तिथल्या संवर्धक मेरी शेफर ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासत होत्या. चित्राच्या खालच्या भागात, रंगाच्या जाड थरात त्यांना काहीतरी दिसलं. आधी वाटलं, एखाद्या बारीक पानाचा ठसा असेल. नीट पाहिलं तर नाकतोडा! तोही सव्वाशेहून जास्त वर्षं तिथेच मुक्कामाला.

मग कीटकतज्ज्ञाला बोलावणं गेलं. नाकतोड्यावरून चित्र कोणत्या ऋतूत काढलं ते कळेल, अशी आशा होती. तज्ज्ञांनी पाहिलं तर नाकतोड्याची छाती आणि पोट गायब, आणि आजूबाजूच्या रंगात धडपडीची एकही खूण नाही. म्हणजे स्वारी रंगात पडली तेव्हा आधीच मेलेली होती. खुनाचा आळ व्हॅन गॉगवरून टळला, ऋतूचा पत्ता मात्र लागला नाही.

व्हॅन गॉगला यात नवल वाटलं नसतं. १८८५ च्या एका पत्रात त्याने भावाला कळवलं होतं, की चार चित्रांवरून मिळून शंभरावर माश्या वेचून काढाव्या लागल्या. धूळ आणि वाळू वेगळीच. शिवाय ओली चित्रं काट्याकुट्यांतून वाहून आणताना फांद्यांचे ओरखडे उठत, ते आणखी.

वाळूवरून आठवलं. लंडनच्या नॅशनल गॅलरीत क्लोद मोनेचं ‘द बीच ॲट ट्रूव्हिल’ आहे, १८७० सालचं. त्याच्या रंगात वाळूचे कण आणि शिंपल्यांचे तुकडे सापडले. चित्र खरोखर किनाऱ्यावर बसून काढलं, याचा यापेक्षा चांगला दाखला कोणता मिळणार?

रंगपेटीतलं प्राणिसंग्रहालय

नाकतोडा चुकून आला. बाकीचे प्राणी रंगपेटीत रीतसर नेमणुकीवर होते.

जलरंगांच्या उत्तम ब्रशांना ‘कोलिन्स्की सेबल’ म्हणतात. केस मात्र सेबलचे नसून सायबेरियातल्या एका जातीच्या विझलच्या शेपटीचे असतात. ‘कॅमल हेअर’ ब्रशात उंटाचा एक केस नसतो, बहुतेक वेळा खारीचे असतात. सेपिया हा तपकिरी रंग मूळचा माकुळाच्या शाईचा, किरमिजी रंग वाळवून कुटलेल्या किड्यांचा, आयव्हरी ब्लॅक हस्तिदंत जाळून केलेला. रंग कागदावर सरसर पसरावा म्हणून पाण्यात बैलाचं पित्त घालण्याची पद्धत तर अजून आहे. काही कंपन्या जलरंगात मध घालतात. पेटी उघडी ठेवलीत तर मुंग्यांना आमंत्रण द्यावं लागत नाही.

या सगळ्यांवर ताण म्हणजे ‘इंडियन यलो’. उन्हाचा उबदार पिवळा दाखवायला युरोपातल्या चित्रकारांना हा रंग फार प्रिय, टर्नरसुद्धा तो वापरी. १८८३ मध्ये त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनी लंडनला लिहून कळवलं, की बिहारमध्ये मुंगेरजवळच्या मिर्झापूर गावात गाईंना फक्त आंब्याची पानं खायला घालतात आणि त्यांचं मूत्र आटवून हा रंग करतात. म्हणजे लंडनच्या दिवाणखान्यात टांगलेला सोनेरी सूर्यास्त मूळचा बिहारच्या गोठ्यातला. नंतर कित्येक वर्षं लोक याला दंतकथाच समजत होते. अलीकडे रासायनिक तपासणी झाली, तेव्हा मुखर्जींच्या म्हणण्याला चांगलाच आधार मिळाला.

हिरव्याची गोष्ट जरा भीतिदायक आहे. एकोणिसाव्या शतकातला झगझगीत ‘एमराल्ड ग्रीन’ म्हणजे तांबं आणि आर्सेनिक यांचं संयुग. त्याचंच दुसरं नाव ‘पॅरिस ग्रीन’, आणि त्या नावाने तो उंदीर आणि किडे मारायला विकला जाई. झाडं रंगवायलाही तोच, झाडांवरची कीड मारायलाही तोच.

आपल्याकडच्या रंगपेटीवर उंट कसा आला, तेही सांगून टाकतो. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईचा धंदा सुरू केला. पहिला माल शाईच्या पुडीचा आणि वड्यांचा, ब्रँडचं नाव ‘हॉर्स’. पुढे घोड्याच्या जागी उंट आला, कंपनी ‘कॅमलिन’ झाली आणि चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांना बसलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या दप्तरात जाऊन बसली.

डुकराचा फुगा आणि टाचणी

१८४१ पूर्वी तैलरंग घेऊन घराबाहेर पडणं म्हणजे शिक्षाच. घोटलेला रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून तोंड दोऱ्याने बांधायचं. रंग हवा असला की टाचणीने भोक पाडायचं, पिळायचं आणि भोक बुजवायचं. बुजायचं नाहीच. उरलेला रंग वाळून जायचा, नाहीतर पिशवी फुटून कपड्यांवर यायचा.

जॉन गॉफ रँड नावाचा एक अमेरिकन चित्रकार तेव्हा लंडनमध्ये राहत होता. १८४१ मध्ये त्याने कथलाच्या ट्यूबचं पेटंट घेतलं. दाबा, रंग घ्या, झाकण लावा. झालं. ट्यूबमधले रंग नसते तर मोने, पिसारो, सेझान कुणीच झालं नसतं, असं रेन्वा म्हणत असे, ही आठवण त्याच्या मुलाने लिहून ठेवली आहे. रँडची चित्रं आज फार कुणाला आठवत नाहीत. त्याची ट्यूब मात्र तुमच्या न्हाणीघरातही आहे, टूथपेस्टच्या रूपात.

मोनेसाहेबांचे नखरे

या विषयात मोनेला जरा जास्त जागा द्यावीच लागते. माणूस कमालीचा हट्टी.

१८६६ मध्ये त्याने ‘विमेन इन द गार्डन’ हे चित्र हाती घेतलं. उंची अडीच मीटरच्या वर, आणि पठ्ठ्याचा हेका असा की सगळं चित्र बागेतच, उन्हात उभं राहून रंगवायचं. वरच्या भागापर्यंत हात पोचेना. दुसऱ्या कुणी शिडी घेतली असती. मोनेने बागेत खंदक खणला आणि कप्पी लावून अख्खा कॅनव्हास त्यात खालीवर करायची सोय केली. चित्रात चार बायका आहेत, त्यांतल्या किमान तिघींसाठी त्याची प्रेयसी कामीयच कपडे बदलबदलून उभी राहिली. एकदा चित्रकार कूर्बे भेटायला आला तर मोने हात बांधून बसलेला. का, तर ऊन नाही. ऊन येईपर्यंत मागची पानं तरी रंगवून घे, असं कूर्बेने सुचवलं. मोने जागचा हलला नाही. एवढं करून चित्र पॅरिसच्या सरकारमान्य प्रदर्शनात नापास झालं. शेवटी बाझीय या मित्राने अडीच हजार फ्रँकला घेतलं, तेही ५० फ्रँकच्या हप्त्यांनी. १९२१ मध्ये फ्रेंच सरकारने हेच चित्र विकत घेतलं, दोन लाख फ्रँक मोजून. पन्नासच्या हप्त्याची सोय सरकारला मिळाली नाही.

नोव्हेंबर १८८५. एत्रता गावचा समुद्रकिनारा. कड्याच्या पायथ्याशी मोने रंगवत बसलाय. भरतीचा हिशेब चुकला आणि एका मोठ्या लाटेने त्याला उचलून कड्यावर आपटलं. जीव वाचला. कॅनव्हास, तो ठेवायची लाकडी घोडी, रंगांची पिशवी सगळं समुद्राने नेलं. हातातली पॅलेट तेवढी तोंडावर आदळली आणि दाढी निळ्यापिवळ्या रंगाने माखली. हे सगळं त्याने घरी पत्रात कळवलं. रागाचं मुख्य कारण मात्र त्या दिवशीचं चित्र राहून गेलं, हे.

१८८९ मध्ये मध्य फ्रान्समधल्या फ्रेसलीन इथे त्याने एका म्हाताऱ्या ओकचं चित्र सुरू केलं. हिवाळ्यातलं झाड, पान नाही. मग पावसाने काम लांबवलं, वसंत आला आणि झाडाला पालवी फुटली. आता काय करायचं? चित्र बदलायचं की सोडून द्यायचं? मोनेने झाडाच्या मालकाची परवानगी काढली, पैसे मोजले, माणसं लावली आणि ओकची पानं खुडून घेतली. निसर्गाशी इतकं प्रामाणिक राहायचं, की निसर्ग बदलला तर त्यालाच दुरुस्त करायचं!

दोन वर्षांनी पॉप्लर झाडांची पाळी. नदीकाठच्या झाडांची चित्रमालिका अर्धी झाली होती आणि गावाने ती झाडं लिलावात काढली. मोनेने एका लाकूड व्यापाऱ्याला गाठून पदरचे पैसे देऊ केले. अट एकच, माझं काम होईपर्यंत कुऱ्हाड लावायची नाही. या चित्रांसाठी त्याने सपाट तळाच्या होडीत खाचा करून घेतल्या होत्या. त्यांत बरेच कॅनव्हास उभे राहत. उजेड बदलला की हातातला कॅनव्हास खाचेत ठेवायचा, दुसरा उचलायचा. लिला कॅबट पेरी ही चित्रकार त्याच्या शेजारी राहत असे. तिने लिहून ठेवलंय, की यातल्या एका चित्राचा उजेड जेमतेम सात मिनिटं टिके. ठरावीक पानावरून ऊन सरकलं की त्या दिवशीचं काम बंद.

लंडनमध्ये उलटी तऱ्हा. १८९९ ते १९०१ या काळात थेम्स रंगवायला तो सॅव्हॉय हॉटेलात उतरत असे. त्याला हवं होतं धुकं. एका रविवारी सकाळी खिडकी उघडली तर धुक्याचा मागमूस नाही. बिचारा हादरलाच. मग हळूहळू चुली-भट्ट्या पेटल्या, धूर वर चढला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. २०२३ मध्ये हवामान अभ्यासकांनी टर्नर आणि मोने यांची शंभरएक चित्रं मोजूनमापून पाहिली. चित्रांतला धूसरपणा आणि त्या काळचं वाढतं वायुप्रदूषण यांचा मेळ बसतो, असा निष्कर्ष निघाला. ज्याला आपण स्वप्नाळू वातावरण म्हणून दाद देतो, त्यात कोळशाचा धूरही बराच आहे.

आणि ज्या चित्रावरून मोने आणि मंडळींना ‘इम्प्रेशनिस्ट’ हे नाव पडलं, ते ‘इम्प्रेशन, सनराइज’? अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ डोनाल्ड ओल्सन यांनी सूर्याची उंची, भरती-ओहोटी, हवामानाच्या नोंदी, सगळं ताडून त्याची वेळ काढली. १३ नोव्हेंबर १८७२, सकाळी ७ वाजून ३५ मिनिटं. आपल्याकडे पत्रिकेसाठी जन्मवेळसुद्धा इतकी चोख सापडत नाही.

दहा मिनिटांचं टेनिस

सात मिनिटं म्हणजे अतिशयोक्ती वाटत असेल तर जॉन सिंगर सार्जंटचं ऐका. इंग्लंडमधल्या ब्रॉडवे गावी १८८५ च्या शरदात त्याने दोन लहान मुलींचं चित्र हाती घेतलं. बागेत संध्याकाळी कागदी कंदील लावणाऱ्या मुली. त्याला हवा होता नेमका दिवेलागणीचा जांभळट उजेड, आणि तो रोज दहाएक मिनिटंच मिळे. म्हणून दुपारपासून जय्यत तयारी. घोडी जागेवर, मुली तयार, फुलं तयार. मग सार्जंट आणि मंडळी टेनिस खेळत थांबायची. हवा तो उजेड आला की रॅकेट टाकून सार्जंट पळत कॅनव्हासपाशी. चार फटकारे, दोन पावलं मागे, पुन्हा पुढे. अंधार पडला की परत टेनिस.

दिवस सरले, थंडी आली, गुलाब वाळले. त्याने झुडपांना खोटी फुलं बांधली. मुलींच्या पांढऱ्या झग्यांच्या आत लोकरीचे कपडे चढले. तरी चित्र अपुरंच. पुढच्या वर्षी पुन्हा तीच कसरत, आणि १८८६ च्या शरदात एकदाचं पूर्ण झालं. आज ते लंडनच्या टेट ब्रिटनमध्ये आहे. बघताना त्या मुली गारठल्यात असं जराही वाटत नाही.

पाठमोरा निसर्ग

सेल्फीच्या नादात लोक कड्यावरून पडतात, ही आपल्या काळाची तऱ्हा समजू नका. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या हौशी प्रवाशांकडे ‘क्लॉड ग्लास’ नावाचा काळपट, किंचित फुगीर छोटा आरसा असायचा. सुंदर देखावा दिसला की त्याच्याकडे पाठ फिरवायची, आरसा धरायचा आणि त्यातलं प्रतिबिंब बघायचं. देखावा म्हणे चित्रासारखा दिसे! क्लॉड लोरेन या चित्रकाराच्या निसर्गचित्रांसारखा, म्हणून ते नाव. १७६९ मध्ये थॉमस ग्रे हा नामवंत कवी लेक डिस्ट्रिक्टमध्ये असाच आरशात बघत मागे मागे चालला होता, तो चिखलाच्या गल्लीत उताणा पडला. बोटांची पेरं सोलवटली. आरसा मात्र हातातून सोडला नाही.

ढगांचा पंचनामा

जॉन कॉन्स्टेबल आडनावाला जागून नोंदी ठेवत असे. १८२१ आणि १८२२ मध्ये लंडनजवळ हॅम्पस्टेडच्या टेकडीवर बसून त्याने नुसत्या ढगांची ढीगभर चित्रं केली. प्रत्येकामागे तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय, पाऊस येणार की नाही, सगळं लिहिलेलं. पुढे हवामानतज्ज्ञांनी त्या दिवसांच्या नोंदी काढून ताडून पाहिल्या, तर बऱ्याच ठिकाणी जुळल्या. वेधशाळेच्या अंदाजावर विनोद करणाऱ्यांनी हे वाचावं.

चित्रकार की हेर?

रस्त्यात वही काढून किल्ल्याचं किंवा बंदराचं चित्र काढायला बसा, कुणीतरी वर्दीतलं येऊन विचारणारच. ही परंपरा जुनी आहे. १७४८ मध्ये विल्यम होगार्थ फ्रान्समधल्या कॅले शहराची वेस रेखाटत होता. हेर समजून त्याला पकडला आणि नंतर जहाजावर बसवून इंग्लंडला पिटाळला. होगार्थने सूड चित्रातूनच उगवला. घरी येऊन त्याने त्याच वेशीचं चित्र रंगवलं, फ्रेंच सैनिक भुकेकंगाल दाखवले आणि कोपऱ्यात वही घेतलेला स्वतः, खांद्यावर शिपायाचा हात पडतोय असा.

स्कॉटिश वास्तुकार आणि चित्रकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉश पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या एका खेड्यात राहत होता. संध्याकाळी कंदील घेऊन किनाऱ्यावर फिरायचा. झडतीत व्हिएन्नाहून आलेली जर्मन भाषेतली पत्रं सापडली. मग काय, १९१५ मध्ये त्याला तो भाग सोडावा लागला.

पोलिसांची बाजूही ऐकायला हवी. बालवीर चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांनी १९१५ मध्ये आपल्या हेरगिरीच्या आठवणी छापल्या. त्यांत ते खुशाल सांगतात, की मी फुलपाखरं रंगवणारा वेडगळ साहेब बनून फिरत असे आणि पंखांवरच्या नक्षीत किल्ल्याचा नकाशा, तोफांच्या जागा लपवत असे. तेव्हा शिपायाने वही मागितली तर त्याच्यावर चिडू नका.

गोठलेलं पाणी, न वाळणारं पाणी

कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतला डॉक्टर आणि चित्रकार एडवर्ड विल्सन याला अंटार्क्टिकात उघड्यावर जलरंग वापरताच येत नसत, ब्रशवरचं पाणी गोठायचं. तो हातमोजे क्षणभर काढून पेन्सिलीने रेखाटन करी, कुठे कोणता रंग ते शब्दांत लिहून ठेवी आणि तळावरच्या झोपडीत परतल्यावर रंगवी. थंड मुलुखातले काही चित्रकार ब्रश बुडवायच्या पाण्यात जिन किंवा व्होडका घालतात. पाणी गोठत नाही. उरलेल्याचं काय करतात, ते विचारू नये.

आपल्याकडे त्रास वेगळा. मे महिन्यात देशावर आभाळाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, कागदाच्या अर्ध्यावर पोचेपर्यंत वरचा भाग खडखडीत वाळतो आणि मध्ये नको तिथे कडा उमटते. तोच कागद जुलैत कोकणात न्या. पहिला वॉश चहा होऊन कप विसळले तरी ओलाच. त्यावर घाईने नारळाचं खोड काढलं की ते फुलत जातं आणि वडाचं झाड होतं. मग मंडळी कागद गाडीच्या गरम बॉनेटवर टेकवतात. जलरंगवाल्यांची भली मोठी पारायणं या ‘कधी वाळेल’वरच चालतात.

इकडची मंडळी

पुण्यात १७९० च्या सुमारास पेशव्यांच्या दरबारातल्या इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटच्या पदरी गंगाराम तांबट नावाचा पुणेकर चित्रकार होता. त्याने वेरूळच्या लेण्यांची जागेवर जाऊन रेखाटनं केली, आणि पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडाही काढला. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. आपल्या किती जणांना गंगाराम ठाऊक आहे?

थॉमस डॅनियल आणि त्याचा कोवळा पुतण्या विल्यम १७८६ मध्ये कलकत्त्याला उतरले. पुढची सातेक वर्षं ते देशभर हिंडले, शेवटी मुंबईकडे येऊन घारापुरी पाहिली. इंग्लंडला परतल्यावर १४४ चित्रांचा त्यांचा ‘ओरिएंटल सीनरी’ हा संग्रह भागाभागांनी निघाला आणि तिकडच्या कुंभारांनी त्यातले घाट-देवळं थेट चिनी मातीच्या बशांवर छापून टाकली. १८७३ मध्ये मुंबईला आलेले एडवर्ड लिअर तर एकसष्ट वर्षांचे होते. मुलांच्या गमतीदार कवितांसाठी जग त्यांना ओळखतं. ते स्वतःला आधी निसर्गचित्रकार मानत, आणि सव्वा वर्षात त्यांनी हिंदुस्थानात रेखाटनांचा डोंगर उभा केला.

कोल्हापूरचे आबालाल रहिमान मात्र हिंडले नाहीत. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते गावी परतले, शाहू महाराजांचा आश्रय मिळाला आणि मग रंकाळा, संध्यामठ, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट हेच त्यांचं जग. त्याच त्या जागा, वेगवेगळ्या प्रहरी. मोनेला जे होडीतल्या खाचांतून साधायचं होतं, ते हा माणूस तळ्याकाठी छोट्या कागदांवर साधत होता, गाजावाजा न करता. १९२२ मध्ये महाराज गेले आणि त्या दुःखात आबालालनी आपली कित्येक चित्रं कोटितीर्थाच्या पाण्यात सोडून दिली, असं कोल्हापूरकर सांगतात. जी उरली ती पाहिली की बुडालेल्यांचा विचार करवत नाही.

कोल्हापूरचेच धुरंधर रस्त्यात रमले. रावबहादूर म. वि. धुरंधरांनी मुंबईच्या माणसांची जी चित्रं केली, त्यांची पोस्टकार्डं निघाली. तेव्हाच्या मुंबईत कोण कसं नेसत होतं आणि काय विकत होतं, ते त्यांत बसल्या जागी दिसतं.

सैयद हैदर रझांचं नाव घेतलं की बिंदू आठवतो. पण १९४० च्या दशकात हेच रझा मुंबईच्या फोर्टातले ओले रस्ते आणि गर्दी जलरंगात उतरवत होते. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँ त्यांना भेटले. त्यांचं म्हणणं असं, की चित्रं छान आहेत, पण बांधणी नाही, सेझान बघा. रझांनी ते इतकं मनावर घेतलं, की दोन वर्षांत पॅरिस गाठलं.

तो सेझान कोण? सेंत-व्हिक्तुआर हा एकच डोंगर जन्मभर रंगवणारा. ऑक्टोबर १९०६ मध्ये उघड्यावर रंगवताना वादळी पावसात सापडला, कोसळला आणि धोब्याच्या गाडीतून घरी आणला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पुन्हा कामाला! आठवड्याभरात गेला.

आजचं म्हणाल तर पुण्याचे मिलिंद मुळीक हे जलरंगातलं घरोघरी पोचलेलं नाव. शिक्षण इंजिनिअरिंगचं, वडील प्रताप मुळीक ‘अमर चित्र कथा’चे चित्रकार. कुणाची गल्ली, कुणाच्या दारातली स्कूटर, पावसात भिजलेला चौक, यांत रंगवण्यासारखं काय आहे, असं विचारणाऱ्यांनी त्यांची पुस्तकं चाळावीत. आणि रविवारी सकाळी वह्या घेऊन जमणारे ‘अर्बन स्केचर्स’ तुम्ही पाहिलेच असतील. २००७ मध्ये सिॲटलच्या गॅब्रिएल कॅम्पनारिओ या पत्रकार-चित्रकाराने सुरू केलेली ही चळवळ आता मुंबई-पुण्यातही आहे. नियम साधा, समोर बसून काढायचं. फोटोवरून नाही.

न बाहेर पडणारे

सगळ्यांनाच हे उघड्यावरचं प्रकरण पटलं नाही. चित्रकार देगा म्हणे, मी सरकार असतो तर बाहेर चित्रं काढणाऱ्यांवर पोलीस पथक नेमलं असतं. ठार नाही करायचं, अधूनमधून पक्षी मारायचे छर्रे उडवायचे, धाक बसावा म्हणून.

व्हिस्लर स्मरणचित्रवाला. रात्री नदीकाठी उभं राहून देखावा डोक्यात भरायचा, घरी येऊन रंगवायचा. रशियाच्या शिश्किनला झाडांत तोड नव्हती, पण त्याच्या ‘मॉर्निंग इन अ पाइन फॉरेस्ट’मधली अस्वलं काढली सावित्स्की या मित्राने. चित्र विकत घेणाऱ्या त्रेत्याकोव्हने सावित्स्कीची सही टर्पेंटाइनने पुसून टाकली. अस्वलं ठेवली.

टीव्हीवर अर्ध्या तासात डोंगर-तळं उभं करणारे बॉब रॉस तर ४०३ भागांत स्टुडिओतच राहिले. प्रत्येक चित्र ते तीनदा काढत, एकदा समोर ठेवायला, एकदा कॅमेऱ्यापुढे, एकदा पुस्तकासाठी. बर्फाचे ते डोंगर मात्र अनुभवाचे. हवाई दलाच्या नोकरीत त्यांनी अलास्कात वर्षानुवर्षं काढली होती.

  

आता एक विनंती. मेणवलीच्या घाटावर, बाणगंगेपाशी किंवा तुमच्या गल्लीच्या तोंडाशी कुणी मांडीवर बोर्ड घेऊन बसलेलं दिसलं, तर खुशाल मागे उभं राहून बघा. त्यांना सवय असते. पण ‘किती वेळ लागतो हो एका चित्राला?’ हे विचारू नका. १८७८ मध्ये व्हिस्लरने लावलेल्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात त्याला भर कोर्टात हाच प्रश्न विचारला होता. दोन दिवसांच्या कामाचे २०० गिनी कसे, तर ते आयुष्यभर कमावलेल्या जाणकारीचे, असं त्याने सुनावलं. खटला तो जिंकला आणि भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. उन्हाच्या बाजूला उभे राहू नका, कागदावर सावली पडते. आणि मेहेरबानी करून, ते ज्या दृश्याकडे बघतायत, नेमकी तिथेच गाडी आणून लावू नका.